गळतीचं बिल

छोट्या कारखान्याचा मालक वीजबिल भरतो, पण त्यातली किती वीज खरंच कामी आली हे त्याला सहसा ठाऊक नसतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरानं १९९१ साली तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या साथीनं ‘ओकोप्रोफिट’ हा उपक्रम सुरू केला, तो यासाठीच. शहरातले निरनिराळे धंदेवाले कार्यशाळांना एकत्र बसतात. सल्लागार प्रत्येकाच्या जागेवर जाऊन वीज, पाणी, कचऱ्याचा हिशेब मांडतो. कचरा म्हणजे पैसे मोजून आणलेला आणि पुन्हा पैसे मोजून फेकलेला माल, हे तेव्हा उमगतं.

विजेच्या बाबतीत हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचंच घ्या. सांध्यांतून २० ते ३० टक्के हवा निसटणं नेहमीचंच. दाब गरजेपेक्षा एक बारनं जास्त ठेवला, की सुमारे ७ टक्के वीज जादा जाते. यंत्रं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवा. फुसफुस कानांनीच सापडते. दुरुस्तीला बहुधा पाना आणि वॉशर पुरतो.

उपक्रमाच्या शेवटी शहर प्रमाणपत्र देतं. पण माझ्या मते खरी ताकद शेजारच्या धंदेवाल्याच्या आकड्यांत आहे. अधिकाऱ्याला न जुमानणारा मालकही ते कान देऊन ऐकतो. पुढे म्युनिकसह अनेक जर्मन शहरांनी ही पद्धत उचलली. वीजदर आणि कचऱ्याचे नियम तिथले, हिशेबाची रीत मात्र ग्राझची.