शेवटचा धक्का आधी

सोकोबानचे नियम एका दमात सांगून होतात. गोदामातला माणूस खोकी ढकलू शकतो, ओढू शकत नाही. एका वेळी एकच खोकं ढकलायचं. सगळी खोकी खुणेच्या घरांवर पोचली की लेव्हल सुटली. हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा खेळ जपानमध्ये १९८२ साली बाजारात आला. आजही नाशिकरोडला माझा भाचा मोबाइलवर त्याच खोक्यांशी झुंजत असतो आणि मी शेजारी बसून बघत असतो.

अडकलेल्या खेळाडूचा अंगठा बघावा. तो थांबत नाही. तीच खोकी त्याच क्रमानं ढकलली जातात, त्याच जागी रुततात, मग ‘अंडू’ दाबत मागे येणं आणि पुन्हा तीच वाट. वेग वाढत जातो, चाल बदलत नाही.

अशा वेळी आम्ही फोन खाली ठेवतो आणि नकाशा वहीत उतरवतो. पहिल्यांदा मेलेली घरं काळी करायची. कोपऱ्यात गेलेलं खोकं परत निघत नाही. भिंतीला लागलेलं खोकं भिंतीलगतच सरकतं. त्या भिंतीलगत खुणेचं घर नसेल तर ती रांगच बाद. एवढं केलं की ऐसपैस वाटणाऱ्या गोदामात वापरण्याजोगी घरं थोडीच उरतात.

परवाच्या लेव्हलमध्ये खुणेची तिन्ही घरं उजवीकडच्या एका बंद बोळात होती. बोळ एका खोक्याच्या रुंदीचा, आणि त्यात शिरणारी वाट खालच्या भिंतीला चिकटून.

“मामा, हे खोकं आत जातच नाहीये.”

“शेवटचा धक्का कुठे उभं राहून देणार, ते आधी सांग.”

त्यानं बोट ठेवलं: बोळाच्या तोंडाशी खोकं आणि त्याच्या डावीकडच्या घरात माणूस. नेमक्या त्याच घरात त्यानं सुरुवातीलाच एक खोकं ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. दुसरं खोकं वरून खाली आणून तोंडाशी बसवल्यावर दोन्ही जखडली. खाली भिंत, त्यामुळे वर ढकलायला उभं राहायची सोय नाही. आडवं ढकलायचं तर एकाला दुसऱ्याचा अडसर. अडचण दिसली शेवटी, पण तिची पेरणी कितीतरी चाली आधी झाली होती. ते बाजूला ठेवलेलं खोकंच सगळ्यांत आधी बोळाच्या टोकापर्यंत न्यायला हवं होतं. पुढून खेळताना ते सुचत नव्हतं. शेवटापासून मागे येताना दुसरा पर्यायच उरला नाही.

फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’ (२०१९) या खेळात तर नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पटावर मांडलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’ यातला एक शब्द ढकलून बाजूला केला की भिंत अडवायची थांबते. इथे अडकल्यावर वहीत चाली लिहायच्या नाहीत, गृहीतं लिहायची: कोणता नियम मोडता येतो, कोणता कोपऱ्यात असल्यामुळे मोडता येत नाही. बहुतेकदा आपण ज्याला भिंत समजून वळसा घालत असतो, तिचा ‘स्टॉप’ हाताशीच असतो.

उलटं विचारण्याची ही सवय आमच्या गावाला जुनी आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जगाला ६१७४ या संख्येमुळे माहीत आहेत. पण अडकलेल्या माणसानं बघाव्यात त्यांच्या स्वयंभू संख्या. त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पुढे जाणं सोपं आहे. कापरेकरांचा प्रश्न मागे जाण्याचा होता: २० पर्यंत कोणत्या संख्येवरून पोचता येईल? एक अंकी संख्या १८ च्या पुढे जात नाहीत. १० ते १९ मधल्या प्रत्येक संख्येपासून विषम उत्तर येतं. २० आणि त्यापुढच्या संख्या २० ओलांडूनच जातात. म्हणजे २० ला जनक नाही, ती स्वयंभू. उलट सिंहस्थाचं साल २०२७ घ्या, त्याला दोन जनक आहेत: १९९९ मध्ये २८ मिळवा किंवा २०१७ मध्ये १० मिळवा.

मागे जाणाऱ्याला कधी एक वाट सापडते, कधी दोन, कधी एकही नाही. खेळताना यातलं ‘एकही नाही’ फार मोलाचं. वहीत एखादी शेवटची मांडणी काढली आणि तिच्या आधीची कोणतीच चाल संभवत नाही असं दिसलं, तर ती मांडणी कायमची खोडता येते. अंगठा पुन्हा तिच्यामागे धावत नाही. भाच्याच्या वहीत आता अशा खोडलेल्या मांडण्याच जास्त आहेत.

त्याचे मित्र वॉकथ्रू बघतात. बघावा, त्यात पाप नाही. वॉकथ्रू एका लेव्हलच्या चाली देतो. पुढची लेव्हल मात्र खोडायला शिकलेल्यालाच सुटते.