पडद्यावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा रंग

संगणकाच्या पडद्यावर पसंत केलेली मोरपंखी साडी घरी येते, तेव्हा ती निळसर भासते. ग्राहक दुकानदाराला दोष देतो, तर दुकानदार छायाचित्र त्याच साडीचे असल्याचे शपथेवर सांगतो. अनेकदा दोघेही खरे बोलत असतात. संगणकाला मोरपंखी किंवा निळा असा कोणताच रंग ठाऊक नसतो, त्याला ठाऊक असतात केवळ आकडे. हे आकडे नेमके कशाचे माप आहेत, हे ध्यानात घेतल्यास या वादाचा उलगडा होतो.

पडदा पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवले जातात. सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. त्यातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जुळण्या तयार होतात. यात पिवळ्यासाठी वेगळा दिवा नसतो. लाल आणि हिरवा एकत्र उजळले की डोळ्याला पिवळा दिसतो, कारण नेत्रपटलावरील रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी तीनच प्रकारच्या आहेत. वेगवेगळे प्रकाश या पेशींना सारखेच उद्दीपित करत असतील, तर मेंदूच्या लेखी तो एकच रंग ठरतो.

सतरा जणांची नजर

हा डोळ्याचा हिशेब मांडला गेला इंग्लंडमध्ये. १९२०च्या दशकात डब्ल्यू. डेव्हिड राइट यांनी १०, तर जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर स्वतंत्र प्रयोग केले. एका बाजूला एकाच तरंगलांबीचा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला तीन मूळ रंगांचे मिश्रण ठेवून, दोन्ही सारखे दिसेपर्यंत मिश्रणाचे प्रमाण बदलले जाई. 'सीआयई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये या मोजमापांवरून 'प्रमाण निरीक्षक' निश्चित केला. म्हणजे अवघ्या १७ जणांची दृष्टी ही जगाच्या रंगमापनाची पायाभूत फूटपट्टी ठरली. पुढे तिच्यात भर पडली, पण आजच्या पडद्यांची रंगमानकेही तिच्याच आधारे व्याख्यित केलेली आहेत.

अर्धा आकडा, अर्धा प्रकाश नव्हे

२५५ म्हणजे पूर्ण प्रकाश, तर १२८ म्हणजे निम्मा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १२८ या आकड्याला पडदा सुमारे २२ टक्केच प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशासाठी आकडा लागतो १८८. मानवी डोळा अंधारातील किंचित फरकही चटकन टिपतो, मात्र लख्ख उजेडातील तेवढाच फरक त्याला जाणवत नाही. त्यामुळे उपलब्ध २५६ पायऱ्यांपैकी अधिक पायऱ्या गडद छटांना दिल्या जातात. या वक्र विभागणीला गॅमा म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा स्वभावही योगायोगाने याच वळणाचा होता. ह्यूलेट पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या 'एसआरजीबी' पद्धतीत हीच रीत कायम राहिली.

ही गोष्ट विसरली की चूक होते. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्याच्या सीमेवर आकड्यांची थेट सरासरी काढली, तर मध्ये काळपट पट्टा उमटतो. दोन दिव्यांच्या उजेडाची बेरीज करतानाही चूक होते. त्यामुळे जाणकार चित्रकार-प्रोग्रॅमर आधी आकड्यांचे खऱ्या प्रकाशात रूपांतर करतात, गणित करतात आणि मग पुन्हा आकड्यांकडे वळतात.

तेजस्वितेचा हिशेब

तिन्ही रंगांचा वाटाही समान नसतो. पांढऱ्या पिक्सेलच्या तेजस्वितेत हिरव्याचा हिस्सा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. काळ्यावर निळी अक्षरे वाचताना डोळे का ताणले जातात, याचे उत्तर येथे आहे. याच प्रमाणांवरून मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक मोजला जातो. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी २००८ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे सुचवले. अधू दृष्टीच्या किंवा वयस्कर वाचकासाठी ते मजकूर वाचता येणे आणि न येणे यांतील अंतर ठरू शकते.

प्रकाशाचा आवाका हा आणखी एक पेच. 'एसआरजीबी'ने गृहीत धरलेल्या पडद्याची कमाल तेजस्विता प्रति चौरस मीटर ८० कॅन्डेला आहे. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या नव्या पद्धतीत १० हजार कॅन्डेलापर्यंतचे मूल्य नोंदवता येते. तरीही माध्यान्हीच्या सूर्यबिंबापुढे हा आकडा नगण्य आहे. पडद्यावरचे प्रत्येक ऊन हे म्हणूनच दाबून बसवलेले ऊन असते.

आता साडीचा वाद सुटतो. अतिशुद्ध हिरवट-निळ्या छटा 'एसआरजीबी'च्या कक्षेबाहेर पडतात. तेथे जवळची छटा दाखवून भागवले जाते. त्यात कॅमेऱ्याने पांढरा रंग कोणता मानला, भ्रमणध्वनीचा पडदा किती भडक ठेवला आहे, साडी ट्यूबलाइटखाली पाहिली की उन्हात, याची भर पडते. पडद्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो विशिष्ट पडद्याशी आणि सरासरी डोळ्याशी केलेला करार असतो. रंग अगदी नेमका हवा असेल, तर कापडाचा तुकडा हाती घेऊन दारात, दिवसाच्या उजेडात पाहण्याची जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे.