रताळ्याचा घास आणि सायडरचा घोट
कोरियन मालिकांतील खलनायक, ठरीव प्रसंग आणि कथेची गती यांवर प्रेक्षक एवढा का चिडतो?

मालिका रेंगाळू लागली की मराठी घरांत 'पाणी घातले' असे म्हणण्याची रीत आहे. दक्षिण कोरियातील प्रेक्षक अशा वेळी 'गोगुमा' म्हणतो. गोगुमा म्हणजे रताळे. उकडलेले रताळे पाण्यावाचून खाल्ले की घास घशाशी अडकतो आणि छातीत कोंडल्यासारखे होते. खलनायकाचे कारस्थान ढळढळीत दिसत असताना नायिका मूग गिळून बसते किंवा एका वाक्याने मिटणारा गैरसमज नायक चार भाग उराशी बाळगतो, तेव्हा पाहणाऱ्याची अवस्था नेमकी तशीच होते. याउलट, अन्याय करणाऱ्याला भर सभेत चपराक बसते तो प्रसंग 'साइदा' म्हणजे सायडर ठरतो. कोरियात सायडर म्हणजे लिंबाच्या स्वादाचे, रंगहीन, फसफसणारे शीतपेय. १९५० पासून तेथे विकले जाणारे 'चिलसंग सायडर' प्रत्येक घराच्या परिचयाचे आहे. रताळ्याने कोंडलेली छाती त्या थंड घोटाने मोकळी होते, अशी ही कल्पना.

हे दोन शब्द आता केवळ गप्पांपुरते राहिलेले नाहीत. वृत्तपत्रांतील समीक्षा आणि वाहिन्यांची जाहिरात यांतही ते सर्रास वापरले जातात. खलनायकाला किती मोकळीक द्यावी, नायिकेने किती सोसावे आणि न्याय कोणत्या भागात व्हावा, याविषयीच्या प्रेक्षकांच्या अपेक्षा या दोन शब्दांत सामावल्या आहेत.

सकारण दुष्टावा

भारतीय प्रेक्षकाला कोरियन खलनायकाची ओळख तशी जुनी आहे. 'दे जांग गम' ही एमबीसी वाहिनीची २००३-०४ मधील चोपन्न भागांची मालिका २००६ मध्ये हिंदी रूपात दूरदर्शनवर दाखवली गेली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेल्या जांग-गमच्या वाटेत तेथे चोई घराण्यातील अधिकारी स्त्री उभी होती. मुदपाकखान्याचे प्रमुखपद पिढ्यानपिढ्या आपल्याच घराण्यात राहावे, यासाठी तिला तरुणपणीच कटात ओढले गेले होते. तिची कृत्ये अक्षम्य होती, तरी त्यांमागचा धाक खरा होता. पडद्यावर तिचा शेवट झाला, तेव्हा तिच्याविषयी हळहळणारे प्रेक्षकही होते.

पुढच्या काळात या परंपरेला दुसरे टोक फुटले. खाणीतील बोगद्याच्या शेवटच्या टोकाला कोरियन भाषेत 'माकजांग' म्हणतात. त्यापुढे वाट नाही. जन्माची रहस्ये, व्यभिचार, खून, स्मृतिभ्रंश आणि सूड यांची अतिरेकी भेसळ असलेल्या मालिकांना हेच नाव पडले. २००८-०९ मधील 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ' ही एसबीएस वाहिनीची १२९ भागांची दैनंदिन मालिका या प्रकाराचा मानदंड मानली जाते. पतीने मरणाच्या दारी लोटलेली नायिका डोळ्याजवळ एक तीळ लावून परतते आणि सासरचे कोणीही तिला ओळखत नाही. या तिळाची यथेच्छ थट्टा झाली, तरीही मालिकेची प्रेक्षकसंख्या ३० टक्क्यांच्या पुढे गेली. हसणारे आणि पाहणारे प्रेक्षक बहुधा एकच होते.

त्याच मालिकेत पतीची प्रेयसी झालेल्या किम सो-ह्योंग या अभिनेत्रीने दहा वर्षांनी 'स्काय कॅसल'मध्ये श्रीमंत मुलांना वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवणाऱ्या थंड डोक्याच्या मार्गदर्शिकेची भूमिका केली. तेव्हा तिने आवाजही चढवला नाही, पण धसका अधिक बसला. कारण ती विकत असलेली वस्तू, म्हणजे प्रवेशपरीक्षेतील यश, हीच कोरियन मध्यमवर्गाची खरी आकांक्षा आहे. जेटीबीसी वाहिनीवरील ही मालिका २०१८ च्या नोव्हेंबरात अवघ्या १.७ टक्के प्रेक्षकांपासून सुरू झाली आणि शेवटच्या भागापर्यंत २३.८ टक्क्यांवर गेली. शेवटाविषयी मात्र तक्रारींचा पाऊस पडला. एवढे अपराध केलेली माणसे एका भागात शहाणी होऊन गुण्यागोविंदाने नांदू लागतात, हे प्रेक्षकांना पटले नाही. दुष्टाला शासन हवे, पश्चात्तापाचे दोन अश्रू पुरत नाहीत, हा त्यांचा आग्रह होता.

'टेम्प्टेशन ऑफ वाइफ'च्या लेखिका किम सुन-ओक यांनी २०२०-२१ मध्ये 'द पेंटहाऊस' लिहिली आणि हा आग्रह व्याजासह पुरा केला. उत्तुंग इमारतीत राहणाऱ्या धनाढ्यांच्या या कथेत मेलेली माणसे परत येतात आणि वाचलेली पुन्हा मरतात. अल्पवयीनांतील हिंसेच्या चित्रणावर आक्षेप घेतले गेले आणि काही भागांना केवळ प्रौढांसाठीची श्रेणी लावावी लागली. तरी गायिका छन सो-जीनची खलभूमिका करणाऱ्या किम सो-योन यांना २०२१ मध्ये बेकसांग पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि त्याच वर्षी एसबीएसचा सर्वोच्च पुरस्कारही. खलनायिकेचा तिरस्कार आणि अभिनेत्रीचे कौतुक या दोन गोष्टी प्रेक्षकाने वेगळ्या ठेवल्या, ही जमेची बाजू म्हटली पाहिजे.

ट्रक, स्मृतिभ्रंश आणि श्रीमंत वारस

नवख्या प्रेक्षकालाही चार मालिकांत कोरियन कथेचे ठोकळे पाठ होतात. बड्या उद्योगघराण्याचा तिरसट वारस, गरीब पण खमकी नायिका, बालपणीची विसरलेली भेट, पाकिटात पैसे घालून 'माझ्या मुलाला सोड' म्हणणारी आई आणि ऐन सुखाच्या क्षणी कोठून तरी भरधाव येणारे वाहन. २००० च्या 'ऑटम इन माय हार्ट'मध्ये रुग्णालयात मुलींची अदलाबदल आणि पुढे रक्ताचा कर्करोग होता. २००२ च्या 'विंटर सोनाटा'मध्ये अपघात आणि स्मृतिभ्रंश होता. जपानमध्ये या दुसऱ्या मालिकेने कोरियन लाटेचा पाया घातला आणि चित्रीकरण झालेल्या नामी बेटावर पर्यटकांची रीघ लागली. म्हणजे ठोकळे हा केवळ दोष नव्हता. भाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही कथेत शिरता यावे, असे ते दार होते.

दोन दशकांनंतरही हे दार बंद झालेले नाही. २०२४ मध्ये 'क्वीन ऑफ टीअर्स' या टीव्हीएन वाहिनीच्या मालिकेने २४.८ टक्के प्रेक्षकसंख्या गाठून त्या वाहिनीचा विक्रम केला. तिच्यात नायिकेला मेंदूचा आजार होता, शस्त्रक्रियेनंतर स्मृती जाणार होती आणि शेवटाकडे खलनायकाने नायकाच्या अंगावर गाडीही घातली. पहिल्या निम्म्या भागांतील घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील दांपत्याचे चित्रण अनेकांना ताजे वाटले होते. ती मालिका अखेर जुन्याच फलाटावर येऊन थांबली, म्हणून तेच प्रेक्षक खट्टू झाले. ठोकळा वापरला याचा राग क्वचितच असतो. लेखकाला पुढे काय करावे ते सुचले नाही म्हणून ठोकळा आला, हे ओळखू आले की राग येतो.

काही ठोकळे प्रेक्षकांनीच मोडीत काढले. एके काळी नायक नायिकेचे मनगट धरून तिला ओढत नेई आणि ती प्रेमाची खूण समजली जाई. गेल्या दशकात कोरियातील स्त्रीप्रेक्षकांनी त्याला जबरदस्ती म्हणण्यास सुरुवात केली आणि हे प्रसंग विरळ होत गेले.

गतीचे अर्थशास्त्र

कथा कोठे धावते आणि कोठे अडते, यामागे केवळ लेखकाची लहर नसते. कोरियात रूढ साचा आठवड्याला दोन आणि एकूण सोळा भागांचा. प्रत्येक भाग साधारण तासाभराचा. पहिल्या चार भागांत पकड बसवायची, आठव्याच्या सुमारास प्रेम जुळवायचे, बाराव्या-तेराव्यात ताटातूट घडवायची आणि अखेरीस गाठ बांधायची, असा हा आराखडा. ताटातुटीसाठी सबळ कारण नसले की गैरसमज उसना आणावा लागतो आणि रताळ्याचा घास तेथेच अडकतो. मालिका गाजली तर भाग वाढत. २००६ मध्ये सुरू झालेली 'जुमोंग' साठ भागांची ठरली होती, ती ८१ भागांपर्यंत गेली.

जाहिरातींचा नियमही गतीला वळण देत असे. केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या जुन्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवण्यास मनाई होती. २०१७ च्या सुमारास त्यांनी तासाच्या भागाचे दोन तुकडे करून मध्ये जाहिरात बसवली. परिणामी दर अर्ध्या तासाने एक लहानसा धक्का देणे लेखकाला भाग पडले. जुलै २०२१ मध्ये ती मनाई उठली.

प्रेक्षकांचा शब्द कथेपर्यंत पोहोचण्याचे मुख्य कारण म्हणजे चित्रीकरणाची पद्धत. पूर्वी मालिका प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे धावत असे. संहितेची पाने त्या त्या दिवशी हाती पडत, रात्रभर चित्रीकरण चाले आणि भाग संध्याकाळी प्रसारित होई. त्यामुळे एखाद्या पात्राला लोक कंटाळले की ते मागे पडे आणि आवडले की त्याचे प्रसंग वाढत. प्रेक्षकाला ही सत्ता भावे, पण तिची किंमत पडद्यामागचे लोक झोप गमावून मोजत. २०१६ मध्ये एका मालिकेच्या तरुण सहायक दिग्दर्शकाने आत्महत्या केल्यानंतर या कामाच्या तासांची चर्चा उघडपणे सुरू झाली. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांची मर्यादा घालणारा कायदा टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याच सुमारास आधीच पूर्ण चित्रित केलेल्या मालिका वाढल्या. २०१६ ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' हे त्याचे यशस्वी उदाहरण ठरले.

तथापि प्रेक्षकांची सत्ता संपली असे नव्हे. मार्च २०२१ मध्ये एसबीएसवरील 'जोसन एक्झॉर्सिस्ट' या ऐतिहासिक कल्पनामालिकेत कोरियन राजवटीच्या दृश्यांत चिनी धाटणीचे खाद्यपदार्थ आणि सजावट दिसली. संतापामुळे जाहिरातदार मागे हटले आणि दोन भागांनंतर मालिका कायमची बंद करण्यात आली. त्याच वर्षी 'द पेंटहाऊस'च्या तिसऱ्या पर्वातील एका पात्राच्या वेशभूषेवर कृष्णवर्णीयांची टवाळी केल्याचा आक्षेप परदेशी प्रेक्षकांनी घेतला आणि त्या अभिनेत्याला माफी मागावी लागली.

नेटफ्लिक्सने या गणितात आणखी फेरफार केला. नऊ भागांच्या 'स्क्विड गेम'ने २०२१ मध्ये जगाला खेचले. डिसेंबर २०२४ मधील दुसरे पर्व मात्र बंड अर्धवट सोडून सातव्या भागात थांबले आणि अपुरी कथा हाती दिल्याची तक्रार झाली. जून २०२५ मध्ये उर्वरित कथा आली. उलट मार्च २०२५ मधील 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स'चे सोळा भाग दर आठवड्याला चार याप्रमाणे आले. जेजू बेटावरील एका जोडप्याच्या आयुष्याची ही कथा संथ होती, तरी तिला कोणी रताळे म्हटले नाही. नायिकेवर एके काळी वाईट नजर ठेवणारा उर्मट बोटमालक वृद्धपणी केविलवाणा झाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यालाही जवळ केले. संथपणा आणि तुंबणे यांतील भेद प्रेक्षकाला नेमका कळतो, याचा हा दाखला.

न्यायाची तहान

सायडरच्या घोटाची ही ओढ कोठून आली, याचे उत्तर पडद्याबाहेर आहे. २०२१ च्या 'विन्सेन्झो'मध्ये नायक माफियाचा सल्लागार होता, तर 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये पीडितांच्या वतीने सूड घेणारी टॅक्सी कंपनी होती. दोन्हींत न्यायालये आणि पोलीस श्रीमंतांपुढे हतबल किंवा मिंधे दाखवले होते. दुष्टाला दुष्टच पुरा पडेल, हा विचार प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून स्वीकारला. या टाळ्यांत कायद्यावरील अविश्वास होता.

किम उन-सुक यांनी लिहिलेल्या 'द ग्लोरी'मध्ये हा धागा सर्वांत ठळक झाला. शाळेत छळ सोसलेली मून दोंग-उन अनेक वर्षे आखणी करून छळणाऱ्यांना गाठते. पहिले आठ भाग ३० डिसेंबर २०२२ रोजी आणि पुढचे आठ १० मार्च २०२३ रोजी आले. मधले दहा आठवडे प्रेक्षक तगमगत होते, पण लेखिकेने सूड घाईने उरकला नाही. हवामानाचे वृत्त सांगणाऱ्या पार्क योन-जीन या खलनायिकेला शेवटी तुरुंगात सोबतिणींपुढे तेच वृत्त सांगावे लागते. ही भूमिका करणाऱ्या लिम जी-योन यांना बेकसांगचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मालिकेचे दोन खंड येण्याच्या मधल्याच काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमल्या गेलेल्या एका माजी सरकारी वकिलाच्या मुलाने शाळेत सहाध्यायाचा छळ केल्याचे जुने प्रकरण पुढे आले. वृत्तपत्रांनी लगेच मालिकेचा दाखला दिला. नियुक्तीनंतर एका दिवसात त्याला माघार घ्यावी लागली. शालेय छळाच्या नोंदी प्रवेशाच्या वेळी विचारात घेण्याचे नियम पुढे सरकारने कडक केले.

एका मालिकेने समाज बदलला, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. छळाची प्रकरणे मालिकेआधीही गाजत होती आणि लेखिकेने त्यांतूनच सामग्री घेतली होती. परंतु खलनायकावरील राग हा केवळ करमणुकीचा भाग नसतो, एवढे यातून स्पष्ट होते. शाळेत, कचेरीत किंवा सासरी ज्याला उत्तर देता आले नाही, अशा कोणाचा तरी चेहरा प्रेक्षक त्या पात्राला जोडत असतो. म्हणूनच शिक्षा लांबली की त्याचा जीव गुदमरतो आणि स्वस्तात माफी मिळाली की तो फसवला गेल्यासारखा संतापतो. कोरियन लेखकांपुढील खरी कसोटी तहान ओळखण्याची आहे. प्रत्येक भागात सायडर ओतले तर त्याची चव राहत नाही, आणि नुसती रताळी वाढली तर पंगत उठून जाते.