हृदयाचे औषध, स्नायूंचे दुखणे

माझा मामेभाऊ शाळेत ‘ढिम्म’ या नावाने ओळखला जाई. शर्यतीची शिट्टी झाली की बाकीची मुले धावत. हा जागीच खिळलेला. दहा-बारा पावले टाकली की मोकळा होई, पण तोवर शर्यत संपत आलेली! मास्तर म्हणत, सोंग आहे. आम्ही घरचेही तेच म्हणत होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

त्या सोंगाचे नाव पुढे कळले: मायोटोनिया कंजेनिटा. १८७६ साली युलियुस थॉमसेन या डॉक्टरांनी या आनुवंशिक विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेही स्वतःचे व स्वतःच्या कुटुंबाचे. त्यांचा मुलगा सैन्यातली नोकरी चुकवण्यासाठी ढोंग करतो, असा आरोप झाला होता.

स्नायू आखडतो तो विजेच्या संदेशाने. तो संदेश शमावा म्हणून स्नायुपेशीच्या पटलात क्लोराइडच्या कणांसाठी दारे असतात. जनुकातील दोषामुळे ती नीट चालत नाहीत आणि एकाच संदेशाचे पडसाद उमटत राहतात. मिटलेली मूठ चटकन उघडत नाही. मेक्झिलेटिन हे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे जुने औषध. ते सोडियमची दारे अडवते, म्हणून पडसाद कमी होतात. काही डॉक्टर ते अनुभवाने देतही असत.

पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. (मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी; एवढे बोलू द्या.) २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या विकाराचे व त्याच्या जवळच्या विकारांचे ५९ रुग्ण होते. चार आठवडे औषध, चार आठवडे तशीच दिसणारी पोकळ गोळी, मध्ये एक आठवडा खंड. आधी कोणती, हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. मुख्य मोजमाप कोणते? रुग्णाने रोज फोनवर आपला ताठरपणा १ ते ९ या आकड्यांत सांगायचा! ज्यांना ढोंगी म्हटले गेले, त्यांचाच शब्द इथे प्रमाण. पहिल्या टप्प्यात औषध घेणाऱ्यांची सरासरी २.५३ आली, इतरांची ४.२१.

औषधाने मूळ दोष जात नाही, पोटही बिघडू शकते. शिवाय २०१८ साली युरोपात या दुखण्यासाठी मान्यता मिळाली आणि स्वस्त औषध तिथे महागले.

मामेभावाला डॉक्टरांनी आधी हृदयालेख काढायला सांगितले. परवा मी सोबत गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थबकला. मीही थांबलो.