साखरेचा डबा आणि लेकीची पाळी

वाण्याच्या यादीत महिन्याला साखर किती लिहिता तुम्ही? ५ किलो? आणि घरात माणसं ५? मग जरा हिशेब करू या. माणशी महिन्याला १ किलो, म्हणजे रोजची ३३ ग्रॅम झाली. चहाचे सात-आठ चमचेच म्हणा ना! यात बिस्किटं, सरबतं, जॅम, शेजारून आलेले पेढे काहीच धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगलं. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या बाईला ५ टक्के म्हणजे फक्त २५ ग्रॅम.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे मधुमेह कुणालाच नाही, मग हे मोजमाप कशाला?" त्याचंच सांगते.

आमच्या शेजारच्या बाईंची लेक कॉलेजात जाते. वय १९. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. हनुवटीवर राठ केस, गालांवर मुरुमं, आणि मानेमागे काळपट पट्टा. आई बिचारी दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन ती मान घासायची. "नीट आंघोळ करत नाहीस," म्हणून पोरीला बोलणीही बसायची. मावशीचं मत पडलं, अंगात शक्ती नाही म्हणून पाळी चुकते. म्हणून डिंकाचे लाडू सुरू झाले, सकाळी एक, संध्याकाळी एक. आत्याचं म्हणणं, "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली आणि 'बीजकोशात गाठी आहेत' एवढंच ऐकून मायलेकी घरी येऊन रडत बसल्या.

मैत्रिणींनो, या 'गाठी' म्हणजे आवाळू नव्हेत, कॅन्सरच्या गाठी तर नव्हेतच. दर महिन्याला बीजकोशात एक बीज पिकून बाहेर पडतं. ते न पिकता अर्ध्यावरच थांबलं की तशी बारीक बारीक बीजं पाण्याच्या थेंबांसारखी कडेला दिसतात. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी अशा ७ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. पण याचं इन्सुलिनशी नातं आहे हे ध्यानात यायला १९८० साल उजाडावं लागलं.

हे नातं कसं आहे बघा. आपण गोड खाल्लं की रक्तातली साखर वाढते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ते साखरेला स्नायूंत, यकृतात नेऊन पोचवतं. काहींचं शरीर मात्र इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, मुलाला हाका मारून ऐकू गेलं नाही की आई आवाज चढवते तसं. गंमत अशी की, स्नायू बहिरे झाले तरी बीजकोशाचे कान तिखटच राहतात. त्या जादा इन्सुलिनने बीजकोश पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतो. मग हनुवटीवर केस येतात, मुरुमं येतात, बीज पिकत नाही, पाळी लांबते. मानेवरचा तो पट्टासुद्धा या इन्सुलिनचाच. घासून कसा जाणार तो? पोरीला उगाच बोलणी बसली.

साखर खाल्ली म्हणूनच हे होतं, असं मात्र नाही बरं का. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. थायरॉइडमुळेही पाळी चुकते, म्हणून तीही तपासणी हवीच. पण ज्या मुलीचा मूळ पिंड असा आहे, तिच्या शरीरावर रोजचे गोड चहा, बिस्किटं आणि बसून राहणं म्हणजे जादा ओझंच. आणि 'माझी मुलगी बारीक आहे, तिला कुठलं काय' असं समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडच्या साऊदम्प्टनमधली ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त! वजनाचा काटा सगळं सांगत नाही तो असा.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होतेच. त्याची धास्ती नको. पण त्यानंतरही तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर 'बरं झालं, कटकट नाही' म्हणून सोडून देऊ नका. गर्भाशयाचं अस्तर नुसतं साचत राहणं वर्षानुवर्षं चाललं, तर पुढे अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आता लेकीवरून सुनेकडे येऊ. दिवस राहिले की आपल्याकडे तिला दोन जिवांचं खायला घालायची चढाओढ लागते. डोहाळजेवणाची ताटं, शिरा, बर्फी! पण वारेतून आईची साखर बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन बनवत बसतं. बाळ फार मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं, आणि नाळ कापल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. यासाठीच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी असायची गरज नाही. आकडा १४० किंवा जास्त आला तर उपचार हवेत. ही पद्धत रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. शेषय्यांचा मोठा वाटा आहे. पहिल्याच भेटीत ही तपासणी करायची आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. माझ्या ओळखीच्या एका सासूबाईंनी 'एवढं गोड पाणी बाळाला बाधेल' म्हणून सुनेला तपासणीविनाच घरी आणलं होतं. त्या एका पेल्याने काही होत नाही, घाबरायचं ते न कळलेल्या साखरेला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासायला विसरू नका, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा संभव जास्त.

मग करायचं काय? चहातली साखर एकदम तोडू नका, घरात भांडणं होतील! दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला म्हणजे झालं, हा समज सोडा. शरीराला ती साखरच. पानात उसळ आणि कोशिंबीर वाढवा, भात थोडा कमी. उपासाच्या साबुदाण्याचंही तेच, तो सगळा पिष्टमयच असतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, स्नायू साखर वापरतात. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी पुन्हा मार्गावर येते. सत्तर किलोच्या मुलीला साडेतीन ते सात किलो. तिला उपाशी मारायचं नाही. गरोदरपणी तर वजन उतरवायचंच नाही. गोळ्या डॉक्टर देतील त्याच घ्या, शेजारणीच्या नकोत.

शेजारच्या त्या घरात लाडवांचा डबा आता रिकामा आहे. संध्याकाळी मायलेकी दोघी चालायला जातात. गेल्या चार महिन्यांत तीनदा पाळी आली, हे मला तिच्या आईने जिन्यात हळूच सांगितलं. मानेवरचा पट्टा अजून आहे, पण आता कुणी तो घासत नाही.