समुद्रावर जाण्याआधीचे पंधरा दिवस

एप्रिलमध्ये माझ्या भाचीचं आणि तिच्या कॉलेजातल्या चार मैत्रिणींचं तारकर्लीला जायचं ठरलं. खोल्या ठरल्या, गाडीची तिकिटं निघाली आणि त्याच दिवशी तिने भात सोडला. दुसऱ्या दिवशी पोळीही सुटली. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली, तेव्हा डब्यात काकडीच्या चकत्या आणि सहा भिजवलेले बदाम होते. डोकं दुखत होतं, तरी चेहरा खुललेला. "मावशी, तीन दिवसांत दीड किलो!" म्हणत तिने मला वजनकाट्याचा फोटो दाखवला.

त्या दीड किलोपासूनच सुरुवात करते, कारण भात सोडला की चरबी झडते हा समज घराघरांत पक्का बसला आहे. भात, पोळी, भाकरी यांतल्या पिष्टाची शरीर साखर करून घेतं आणि तिच्यातला काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पिष्ट बंद झालं की साठा खर्ची पडतो आणि त्याच्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. काट्यावरचं दीड किलो म्हणजे मुख्यतः हे पाणी. एक किलो चरबी जायला सुमारे ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. भाचीच्या वयाच्या मुलीला दिवसाला २,००० च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे तीन दिवस तिने निव्वळ पाण्यावर काढले असते, तरी किलोभर चरबी गेली नसती. तारकर्लीत पहिल्याच दिवशी सुरमईच्या कालवणासोबत ती पोटभर भात जेवली, की हे पाणी परत येणार. मग मुली हबकतात, 'एका जेवणात किलोभर वाढले' म्हणून रडकुंडीला येतात. खरं तर त्यात चरबी नावालाही नसते, रिकामा झालेला साठा पुन्हा भरलेला असतो.

शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. चहासोबत सहज तोंडात टाकलेल्या पन्नास ग्रॅम शेवेत त्याच्या दुपटीच्या आसपास. भात सोडणाऱ्या किती जणी शेव सोडतात, ते आपण सगळ्याच जाणतो.

पोट सुटणं आणि पोट फुगणं असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत. पंधरा दिवसांत सुटलेलं पोट आत जात नाही. विशिष्ट जागेची चरबी जाळणारा ओवा, ग्रीन टी किंवा कमरेचा पट्टा अजून निघालेला नाही. फुगलेलं पोट मात्र दोन-तीन दिवसांत नक्की उतरतं आणि फोटोत जो फरक दिसतो, तो बऱ्याचदा याचाच असतो. दुर्दैवाने 'डाएट'च्या नावाखाली नेमकं तेच खाल्लं जातं, ज्याने पोट फुगतं: वाडगाभर कच्चा कोबी, राजमा, छोले, वर सोडा घातलेलं लिंबूपाणी. कडधान्यांतल्या काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. आपल्याकडे मटकी रात्रभर भिजत घालून, पाणी ओतून देऊन, मोड आणून मग उसळ करतात. त्याने या शर्करा बऱ्याच कमी होतात. म्हणून मटकी-मूग सोडू नका, नीट भिजवा आणि शिजवून खा.

दुसरं कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचं, फरसाण आणि प्रवासातली वेफर्सची पाकिटं मिळून ती कधी ओलांडली जाते, कळतही नाही. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. त्यात रात्रभर गाडीत पाय लोंबकळत बसलं, की सकाळी चपला घट्ट होतात. पाणी कमी प्यायल्याने ही सूज उतरत नाही, उलट बद्धकोष्ठ होऊन पोट आणखी जड होतं.

आता रसांबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. सकाळी अनशापोटी हिरवा रस प्यायला की शरीर 'आतून धुऊन निघतं', असं म्हणतात. हे धुण्याचं काम तुमची मूत्रपिंडं न सांगता करत असतात. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. यकृतही आपल्या कामात खंड पडू देत नाही. रसाने त्यांना जास्तीची मदत होत नाही, घात मात्र होऊ शकतो. २०१० मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू निघालेल्या दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका, असा सल्ला समितीने दिला. कारल्यात मिसळला तर दुधीचा कडवटपणा कळणार कसा? रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा. मला विचाराल तर दुधीची भाजीच करा.

चेहऱ्यावर तेज यावं म्हणून महागड्या गोळ्या घेणाऱ्या मुलींना मी आधी रक्त तपासायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निस्तेज कातडी, जिना चढताना लागणारी धाप, दुपारी डोळ्यांवर येणारी झापड, यांमागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. आपल्या नाश्त्यातच त्यावरची एक सोय आहे आणि एक खोडाही. पोह्यांवर लिंबू पिळतो, तेव्हा त्यातलं क जीवनसत्त्व पोह्यांतलं लोह शोषायला मदत करतं. लगेच वर कपभर चहा घेतला, की चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. आणि उपासमारीचा एक परिणाम सहलीत दिसतच नाही: केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर ऐकू येणारा समज वेगळा: मासे खाल्ल्यावर दूध घेतलं तर कोड येतं. आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्धाहार मानला आहे. ते पथ्य पाळायचं त्याने जरूर पाळावं. पण कोड त्यामुळे येत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते, तेव्हा कोड येतं. बंगालात दही घातलेलं माशाचं कालवण ही घरोघरची गोष्ट आहे. या समजाने खाणाऱ्याचं फार बिघडत नाही, बिघडतं ते कोड असलेल्या माणसाचं. त्याने काहीतरी चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं, असा ठपका त्याच्यावर येतो. सोलकढीला घाबरणारेही मी पाहिलेत. तिच्यात गायी-म्हशीचं दूध नसतं, नारळाचं असतं, आणि कोकमाचं आगळ. बिनघोर प्या.

गाजर, टोमॅटो खाल्ले तर ऊन लागत नाही, हेही खरं नाही. ती जरूर खावीत, पण उन्हाला टोपी, अंगभर सुती कपडे आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन लागतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. जेवून पाण्यात उतरलं की माणूस बुडतो, यालाही आधार नाही. भरल्या पोटी जड वाटतं, म्हणून थोडं थांबा. पण दारू पिऊन पाण्यात जाणं जिवावर बेततं, तिथे थोडं थांबून भागत नाही.

भाचीला त्या दिवशी मी वरण-भात वाढला, वर तूप आणि लिंबाची फोड. पहिला घास तिने घाबरत घेतला. दुसऱ्यांदा भात तिने स्वतःहून मागितला.

तुमच्या घरात सहलीआधी कुणी मुलगी जेवण टाळत असेल, ताटातलं लपवत असेल, तिला चक्कर येत असेल किंवा पाळी चुकली असेल, तर 'सहल झाली की खाईल' म्हणून सोडून देऊ नका. तिला न रागावता शेजारी बसवून जेवू घाला, आणि तरीही जेवत नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.