माघारीत मुरलेला फील्ड मार्शल

८ सप्टेंबर १९४३च्या दुपारी अमेरिकी विमानांनी रोमजवळच्या फ्रास्काती गावावर बॉम्बचा वर्षाव केला. तिथे जर्मन फील्ड मार्शल आल्बर्ट केसेलरिंगचं मुख्यालय होतं. तो वाचला. त्याच संध्याकाळी इटलीने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोस्त राष्ट्रांचं सैन्य सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरलं. कालचा मित्र फिरलेला, समोर नवा शत्रू आणि हाताशी तुटपुंज्या तुकड्या. तरीही सालेर्नोहून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचं रोम गाठायला दोस्तांना पुढचा जून उजाडला.

बव्हेरियातल्या शिक्षकाचा हा मुलगा मुळात तोफखान्यातला. १९३३मध्ये त्याला लष्करातून काढून नव्याने उभ्या राहणाऱ्या हवाई दलाच्या कारभारावर नेमलं, तेव्हा ४८व्या वर्षी तो विमान चालवायला शिकला. पोलंड, हॉलंड, ब्रिटन, रशिया अशा सगळ्या आघाड्यांवर त्याची विमानं लढली. रॉटरडॅम शहर बेचिराख केलं तेही त्याच्याच हवाई ताफ्याने. जुलै १९४०मध्ये तो फील्ड मार्शल झाला. सदा हसतमुख म्हणून त्याचं नाव होतं.

इटली कशी राखायची यावर दुसरा जर्मन फील्ड मार्शल रोमेल याच्याशी त्याचं पटत नव्हतं. दक्षिण सोडून थेट उत्तरेच्या डोंगरात मोर्चे बांधावेत, असं रोमेलचं म्हणणं. केसेलरिंग म्हणे, रोमच्या दक्षिणेलाच अडवू. नोव्हेंबर १९४३मध्ये हिटलरने त्याच्या बाजूने कौल दिला.

केसेलरिंगची भिस्त भूगोलावर होती. इटलीच्या कण्यासारखा आपेनाइन पर्वत आणि त्यातून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या नद्या. उत्तरेकडे सरकणाऱ्या सैन्याला एक नदी ओलांडली की दुसरी आडवी यायची. जर्मन तुकड्या पूल उडवत, सुरुंग पेरत मागे सरकत आणि शत्रू थकला की पुढच्या तयार मोर्च्यात ठाण मांडत. त्यांतल्या गुस्टाव्ह रेषेवरच्या मोन्ते कासीनोपाशी जानेवारी ते मे १९४४ दरम्यान चार लढाया झाल्या. दोस्तांच्या बाजूने चौथी भारतीय डिव्हिजनही तिथे झुंजली.

त्याचे अंदाज चुकतही. जानेवारीत त्याने रोमजवळची राखीव दलं दक्षिणेला धाडली आणि चारच दिवसांत दोस्त मोकळ्या पडलेल्या आन्झिओला उतरले. मग त्याने मिळेल तिथून तुकड्या गोळा केल्या आणि हा हल्ला चार महिने किनाऱ्याजवळच कोंडून ठेवला.

या माघारीतल्या मोर्च्यांची झळ आजच्या रायगड जिल्ह्यापर्यंत पोचली. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीच्या एका सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन धडाडली. सेक्शन कमांडर, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दणक्यांनी लोळवलं. लगेच आडून आलेल्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आघाडी अशी रेंगाळत ठेवायची तर पिछाडीचे रस्ते सुरक्षित हवेत आणि तिथे इटालियन बंडखोर घात लावून बसलेले. मार्च १९४४मध्ये रोममध्ये त्यांच्या बॉम्बने ३३ जर्मन पोलीस मेले. एकामागे दहा मारण्याचा हुकूम केसेलरिंगच्या मुख्यालयातून खाली गेला. हिशेबाने ३३० होतात. आर्देआतीनच्या गुहांत मारले ३३५. जूनमध्ये त्याने आणखी एक हुकूम काढला: बंडखोरांशी वागताना कुणा अधिकाऱ्याने कठोरपणाची मर्यादा ओलांडली, तर आपण त्याला पाठीशी घालू. त्यानंतर गावंच्या गावं मारली गेली. मार्झाबोत्तो परिसरात बळी पडलेल्या शेकडो लोकांत बायका-मुलंही होती.

मार्च १९४५मध्ये त्याला पश्चिम आघाडीवर हलवलं, पण तिथे अडवायला फारसं काही उरलंच नव्हतं. मे १९४७मध्ये व्हेनिसला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला. लढाईत त्याच्याशी झुंजलेला फील्ड मार्शल अलेक्झांडर आणि खुद्द चर्चिल यांनी मृत्युदंडाला विरोध केला. शिक्षा आधी जन्मठेपेवर, मग २१ वर्षांवर आली आणि १९५२मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला. इटालियनांनी खरं तर आपलं स्मारक उभारायला हवं, असं तो म्हणाल्याची बातमी इटलीत पोचली, तेव्हा कायदेपंडित पिएरो कालामान्द्रेई यांनी उत्तरादाखल कविता लिहिली. ती कुनेओ शहराच्या नगरपालिकेत दगडावर कोरून लावली आहे.